सोयाबीनचं विकर, जेलचे मणी

दुधात युरिया मिसळला आहे का, हे पाहण्याची एक साधी कसोटी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने लोकांसाठी दिली आहे. चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ घालायचं, हलवून पाच मिनिटं ठेवायचं आणि तांबडा लिटमस कागद त्यात बुडवायचा. कागद निळा झाला तर दुधात युरिया आहे असं समजायचं. इथे पिठात दडलेलं 'युरिएज' नावाचं विकर काम करतं. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं आणि अमोनियामुळे कागद निळा होतो.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कसोटी संपली तेव्हा युरिएज संपलेलं नव्हतं. विकर हे उत्प्रेरक असतं. युरियाचा एक रेणू फोडला की दुसऱ्याकडे वळायला ते मोकळं असतं. तरीही ते दुधाबरोबर मोरीत जातं, कारण पाण्यात विरघळलेलं विकर वेचून परत काढणं फार कठीण. मूठभर सोयाबीनच्या बाबतीत ते कोणाला जाणवतही नाही. पण शुद्ध केलेलं विकर महाग असतं आणि प्रत्येक वेळी ते नव्याने घालायचं म्हटलं, तर चांगली रासायनिक क्रियाही परवडत नाही. विकराला एका जागी बांधून ठेवलं, काम झाल्यावर गाळून घेतलं, धुतलं आणि पुन्हा वापरलं, तर? या लेखाचा विषय तोच आहे. त्यासाठी वनस्पतीतलंच एक विकर घेऊ या, म्हणजे हेच युरिएज.

दाण्यातलं विकर

सोयाबीनमध्ये युरिएज असतं हे जपानमध्ये ताकेउची यांनी 1909 साली दाखवलं. पण युरिएजला विज्ञानाच्या इतिहासात मानाचं पान मिळालं ते जॅकबीनमुळे. जॅकबीन म्हणजे आपल्याकडे मांडवावर चढणाऱ्या अबईची चुलत बहीण. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर या दाण्याच्या पिठामागे नऊ वर्षं लागले होते. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हात गेला होता आणि ते मुळात डावखुरे होते. एका हाताने रसायनशास्त्र जमायचं नाही, असं त्यांना सांगितलंही गेलं होतं. 1926 साली त्यांनी पातळ केलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये पीठ भिजवलं, गाळलं, अर्क थंडीत ठेवला आणि त्यात इवले इवले अष्टफलकी स्फटिक सापडले. ते स्फटिक युरिएजचे होते आणि ते प्रथिन होतं. विकर म्हणजे प्रथिन, हे तेव्हाच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. समनर यांना नोबेल मिळायला 1946 साल उजाडलं.

स्फटिक मिळाल्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, 1975 साली, या विकरात निकेल धातू असल्याचं कळलं. निकेल असलेलं हे पहिलंच ज्ञात विकर. त्याचा वेग मात्र थक्क करणारा आहे. युरिया नुसत्या पाण्यात 25 अंशांना ठेवला तर त्यातला निम्मा विघटित व्हायला सुमारे 40 वर्षं लागतात. वर सांगितलेल्या कसोटीत पाच मिनिटं पुरतात.

घरी किंवा शाळेत युरिएज हवं असेल तर न भाजलेलं, न उकडलेलं सोयाबीन घ्यावं. उष्णतेने युरिएज मरतं. पशुखाद्याच्या कारखान्यांत हीच गोष्ट उलट बाजूने वापरतात. सोयापेंड पुरेशी भाजली गेली की नाही, हे त्यात युरिएज किती शिल्लक आहे त्यावरून ठरवतात. बाजारातल्या सोया वड्यांमधून युरिएज काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. तूर आणि कलिंगडाच्या बिया हेही युरिएजचे चांगले स्रोत आहेत. तुरीचं युरिएज जेलच्या मण्यांत बसवण्याचं काम वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात झालेलं आहे.

पुरचुंडी

पुलावात खडा मसाला नुसता टाकला तर तो प्रत्येक घासात दाताखाली येतो. म्हणून काहीजणी तो पातळ फडक्यात बांधून सोडतात. चव आणि वास फडक्यातून बाहेर येतात, लवंग-दालचिनी आत राहते आणि शेवटी पुरचुंडी उचलून बाजूला काढता येते. विकर बांधण्यामागचा विचार हाच. फरक एवढाच की मसाल्याचा कस उतरतो, विकराचा मात्र कामामुळे उतरत नाही. त्यामुळे ही पुरचुंडी पुन्हा सोडता येते.

1916 साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं की साखर फोडणारं इन्व्हर्टेज कोळशाच्या कणांना चिकटलं तरी काम करत राहतं. पुढची अनेक दशकं ते निरीक्षण फारसं कोणी उपयोगात आणलं नाही. 1969 साली जपानमधल्या तानाबे कंपनीत इचिरो चिबाता आणि तेत्सुया तोसा यांनी बांधलेलं विकर पहिल्यांदा कारखान्यात चालवलं, अमिनो आम्लं बनवण्यासाठी. पुढे मक्याच्या गोड पाकासाठी आणि पेनिसिलिनपासून नवी प्रतिजैविकं करण्यासाठी ही पद्धत रुजली. पेनिसिलिन अ‍ॅसायलेज बांधण्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम झालं.

बांधण्याचे प्रकार बरेच आहेत. विकर एखाद्या पृष्ठभागाला नुसतं चिकटवता येतं, रासायनिक बंधाने जोडता येतं किंवा जेलच्या जाळीत कोंडता येतं. पहिल्यात ते सुटून जायची भीती असते. दुसऱ्यात पकड घट्ट बसते, पण बंध नेमक्या कामाच्या जागी बसला तर विकर निकामी होतं. तिसऱ्यात विकराला कोणी हात लावत नाही, फक्त त्याच्याभोवती भिंती उभ्या राहतात. शिकायला सुरुवात करणाऱ्याने तिसऱ्यापासूनच करावी असं मला ठामपणे वाटतं. साधनं स्वस्त, रसायनं निरुपद्रवी आणि काय घडतं आहे ते डोळ्यांना दिसतं.

समुद्री शेवाळाची जाळी

ही जाळी बनते सोडियम अल्जिनेटपासून. तपकिरी समुद्री शेवाळातून ते मिळतं. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ स्टॅनफोर्ड यांनी ते 1880 च्या दशकात प्रथम वेगळं केलं. आपल्याकडे खडकाळ किनाऱ्यांवर, मालवणकडेसुद्धा, वाढणारं सरगॅसम हे शेवाळ याच गटातलं. आइसक्रीमपासून जखमेच्या पट्टीपर्यंत अल्जिनेट वापरलं जातं.

अल्जिनेटचा रेणू म्हणजे साखरेसारख्या दोन प्रकारच्या घटकांची लांब माळ. त्यातल्या ग्युल्युरॉनिक आम्लाच्या घटकांचे सलग तुकडे नागमोडी असतात आणि त्यांच्यात खळगे राहतात. सोडियम असताना माळा सुट्या राहतात, द्रावण मधासारखं दाट पण वाहतं. कॅल्शियम आलं की चित्र पालटतं. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असतात, त्यामुळे तो शेजारच्या दोन माळांना एकाच वेळी धरू शकतो. दोन माळांच्या खळग्यांमध्ये कॅल्शियम ओळीने बसतं, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसं. 1973 पासून या रचनेला 'अंड्याची पेटी' हेच नाव आहे. माळा जागोजाग अशा बांधल्या गेल्या की द्रवाची जाळी होते. तापवावं लागत नाही, आम्ल लागत नाही. विकरासारख्या नाजूक प्रथिनासाठी याहून सौम्य कोंडवाडा सहसा सापडणार नाही.

मणी पाडणं

दहा ग्रॅम कच्च्या सोयाबीनचं बारीक पीठ 100 मिली गार पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवावं, मधूनमधून हलवावं आणि मलमलच्या दुहेरी कापडातून गाळावं. गाळलेला अर्क फ्रिजमध्ये स्थिर ठेवला की जड कण तळाशी बसतात. वरचा अर्क घ्यायचा आणि त्याच दिवशी वापरायचा.

अल्जिनेटचं द्रावण आदल्या दिवशी करावं. शंभर मिली पाण्यात 4 ग्रॅम भुकटी एकदम ओतली तर तिच्या गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आत कोरड्या, पिठल्यात बेसनाच्या होतात तशा. पाणी ढवळत ठेवून भुकटी चिमटीचिमटीने भुरभुरावी. कोमट पाण्याने काम लवकर होतं, पण विकर घालण्याआधी द्रावण पूर्ण गार झालंच पाहिजे. रात्रभर ठेवण्याचं कारण हवा. ढवळताना शिरलेले बुडबुडे निघून गेले नाहीत तर ते मण्यांत अडकतात आणि मणी तरंगतात.

अर्क आणि अल्जिनेट सारख्या प्रमाणात मिसळले की अल्जिनेट 2 टक्क्यांवर येतं. दुसऱ्या भांड्यात कॅल्शियम क्लोराइडचं 0.2 मोलर द्रावण, म्हणजे 100 मिलीत दोन जलरेणूंच्या स्फटिकी कॅल्शियम क्लोराइडचे 2.94 ग्रॅम. मिश्रण सिरिंजमध्ये भरायचं आणि आठ-दहा सेंटिमीटर उंचीवरून थेंब थेंब सोडायचं. थेंब पृष्ठभागाला टेकताच त्याच्याभोवती कातडी धरते आणि तो मणी होऊन खाली जातो. साबुदाणा भिजून फुगल्यावर दिसतो तसे दोन-तीन मिलिमीटरचे मणी तळाशी जमू लागतात. सोयाबीनच्या कच्च्या अर्काचे मणी स्वच्छ पारदर्शक नसून दुधाळ दिसतात. अर्कातली तेलाची सूक्ष्म कणी आणि कॅल्शियमने साकळणारी इतर प्रथिनं यामुळे तसं होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं.

मण्याला शेपटी आली तर मिश्रण फार दाट आहे किंवा सिरिंज पाण्याच्या फार जवळ आहे. मणी चपटे झाले तर उंची जास्त आहे किंवा मिश्रण पातळ आहे. बुंदी पाडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याला पिठाची धार आणि झाऱ्याची उंची हातानेच कळते. मोठ्या प्रमाणावर मणी पाडायचे झाले तर झाऱ्यासारखीच अनेक छिद्रांची चाळण लागते.

मणी कॅल्शियमच्या द्रावणात तासभर राहू द्यावेत, कारण जेल बाहेरून आत धरत जातं. मग पाण्याने दोन-तीनदा धुवावेत. हे धुण्याचं पाणी फेकू नये.

गळती

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत 'मणी सहा वेळा वापरले' असं लिहिलेलं असतं, पण धुण्याच्या पाण्यात किती विकर गेलं याचा आकडा बहुतेक वेळा नसतो. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

अल्जिनेटची जाळी काही एकसारखी विणलेली नसते. तिची छिद्रं काही नॅनोमीटरपासून शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंत असतात. युरियाचा चिमुकला रेणू सहज आतबाहेर करतो. प्रश्न विकराचा आहे. जॅकबीनचं युरिएज सहा मोठ्या घटकांचं मिळून बनतं आणि त्याचं रेणूवस्तुमान साडेपाच लाख डाल्टनच्या आसपास भरतं. सोयाबीनचंही असंच अवाढव्य आहे. ते जाळीतून सुटून जाण्याचा वेग कमी असतो. आता पपईच्या चिकातलं पपेन पाहा. कच्च्या पपईचा कीस लावून मटण मऊ होतं ते याच्यामुळे. हेही वनस्पतीचंच विकर आणि आपल्याकडे पपई भरपूर, म्हणून पुष्कळांना आधी तेच सुचतं. पण पपेनचं रेणूवस्तुमान जेमतेम 23 हजार डाल्टन. युरिएजच्या तुलनेत ते हत्तीपुढचं मांजर आहे आणि साध्या अल्जिनेट मण्यातून ते धुण्याच्या पाण्यात उतरत राहतं. एकच कृती दोन विकरांना सारखी लागू पडत नाही याचं हे ठळक उदाहरण आहे.

गळती कमी करण्याचे मार्ग आहेत. अल्जिनेटचं प्रमाण वाढवलं की जाळी दाट होते. मण्यांवर कायटोसानचा लेप देता येतो. कायटोसान कोळंबीच्या कवचापासून बनतं, त्यावर धनभार असतो आणि अल्जिनेटवर ऋणभार, त्यामुळे लेप घट्ट बसतो. विकराचे रेणू ग्लुटाराल्डिहाइडने आपसात जोडून त्यांचा मोठा गठ्ठा केला तर छोटं विकरही अडकतं, पण मग जेलचा सौम्यपणा गेलाच. शिवाय ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे, शाळेच्या टेबलावर त्याला जागा नाही.

मण्यातला उशीर

कोंडलेलं विकर मोकळ्या विकराइतकं झपाट्याने काम करत नाही. विकर तेच असतं, पण युरियाला त्याच्यापर्यंत पोचायला जेलमधून वाट काढावी लागते. मण्याच्या काठावरच्या विकराला भरपूर युरिया मिळतो. पोटातल्या विकरापर्यंत पोचेपर्यंत बराचसा वाटेतच संपलेला असतो. थोडक्यात, मण्याच्या मधला भाग बऱ्याचदा बसून असतो.

उपाय भूमितीत आहे. चार मिलिमीटर व्यासाच्या एका मण्यात जेवढं जेल असतं, तेवढ्यात दोन मिलिमीटरचे आठ मणी होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दुप्पट भरतो. वाटही निम्मी होते. म्हणून सुई बारीक घ्यावी, अर्थात मणी गाळणीतून निसटणार नाहीत इतपतच. जाळी दाट केली की गळती थांबते पण उशीर वाढतो, सैल केली की उशीर घटतो पण विकर जातं. मणी करणाऱ्याचं सगळं कसब या ओढाताणीत आहे.

या उशिराची भरपाई काही प्रमाणात होते. जाळीत प्रथिनाला उलगडायला मोकळीक कमी असते, त्यामुळे कोंडलेलं विकर उष्णतेत आणि साठवणीत बहुधा जास्त टिकतं.

फेऱ्यांचा हिशेब

मणी युरियाच्या द्रावणात पंधरा मिनिटं ठेवायचे, गाळून काढायचे आणि द्रावणात किती अमोनिया झाला ते सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करून मोजायचं. नेसलरचं अभिकर्मक टाळावं, त्यात पारा असतो. नुसता रंग पाहायचा असेल तर फिनॉल रेड पिवळ्याचं गुलाबी होतं. हळदीचा कागदही चालतो. अमोनियाने तो तांबूस होतो, ज्या गुणामुळे हळदीपासून कुंकू होतं त्याच गुणामुळे.

पहिल्या फेरीचं काम 100 धरून पुढच्या फेऱ्या मोजाव्यात. दर फेरीला 5 टक्के घट होत असेल तर दहा फेऱ्यांनंतर सुमारे 60 उरतात. घट 10 टक्के असेल तर 35. पाचाचे दहा झाले तर फरक थोडा वाटतो, पण दहा फेऱ्यांनंतर मण्यांची ताकद 60 ऐवजी 35 वर आलेली असते.

युरिएजच्या मण्यांना एक खास अडचण आहे. युरिया फुटताना निघालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाच्या अल्कधर्मी पाण्यात कार्बोनेट होतो आणि कार्बोनेटला कॅल्शियम भेटलं की चुनखडी तयार होते. मण्याला एकत्र धरणारं कॅल्शियमच त्यात खर्ची पडू शकतं. वाळू घट्ट करण्यासाठी हीच क्रिया सोयाबीनच्या कच्च्या अर्काने मुद्दाम घडवून आणतात. मण्यांत मात्र ती नको असते, म्हणून युरियाचं द्रावण सौम्य ठेवावं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये मणी कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात ठेवावेत.

आणि फॉस्फेटचा बफर कधीही वापरू नये. युरिएजच्या जुन्या कृतींत तो सर्रास आढळतो, मोकळ्या विकराला तो चालतोही. पण फॉस्फेट जेलमधलं कॅल्शियम ओढून घेतं, मणी फुगतात, मऊ पडतात आणि शेवटी विरघळतात. ट्रिस बफर घ्यावा.

रक्त, मूत्रपिंड आणि पुन्हा गळती

1969 साली गिलबॉल्ट आणि माँटाल्व्हो यांनी युरिएज जेलमध्ये कोंडून त्याचा पातळ थर अमोनियम ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवला. द्रावणात बुडवला की युरिया किती ते कळायचं आणि तोच थर पुन्हा पुन्हा वापरता यायचा. त्याआधी 1964 साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठातले थॉमस चँग यांनी सूक्ष्म कुप्यांत विकरं भरली, त्यांत युरिएजही होतं.

सर्वांत मोठं धाडस डायलिसिसमध्ये झालं. नेहमीच्या डायलिसिसला एका वेळी शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत 'रेडी' नावाची यंत्रणा आली. ती काही लिटर द्रव फिरवून फिरवून वापरायची. द्रवातला युरिया जॅकबीनच्या युरिएजने फोडायचा, निघालेला अमोनियम झिरकोनियम फॉस्फेटने धरायचा आणि बाकीचा कचरा कोळशाने शोषायचा, असं ते काम. युरिएज मात्र जेलमध्ये नसून अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर बांधलेलं होतं. त्यातून अ‍ॅल्युमिनियम द्रवात उतरत असल्याचं आढळलं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकता येत नाही. विकर जागेवर राहिलं होतं, गळत होता तो आधार. आज अल्जिनेटसारख्या शरीराला सोसणाऱ्या पदार्थांकडे संशोधकांचा ओढा आहे त्यामागे असा अनुभव आहे.

मणी विरघळवून पाहणं

आता धुण्याच्या पाण्याचा हिशेब पुरा करू. समजा, अर्कात विकराची ताकद 100 होती, धुण्याच्या पाण्यात 20 गेली आणि मणी 50 एवढंच काम करतात. मग 30 कुठे गेली? ती मण्याच्या पोटात बसून असेल किंवा मेलेली असेल. शोधायचं तर काही मणी सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाकावेत. सायट्रेट कॅल्शियम हिरावून घेतं, जाळी सुटते आणि थोड्या वेळात भांड्यात फक्त दाट द्रव उरतो. त्या द्रवाची ताकद मोजावी. ती 80 च्या जवळ आली तर विकर शाबूत होतं, वाट लांब होती, आणि पुढच्या खेपेला सुई बारीक घ्यायची. 50 च्या आसपासच राहिली तर ते मणी पाडतानाच मेलं, बहुधा अल्जिनेट गार व्हायच्या आधी अर्क ओतला गेला.